६०० मीटर पाईप हातात, तरी एक खोली अडली

शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मित्राच्या घरात पाईपचे तीन तुकडे गुंडाळून ठेवले होते. एक ५६ मीटरचा, एक २६चा, एक १६चा. बेरीज ९८. बेडरूमची जमीन गरम करायला पाईप हवा होता ९२ मीटर. तरीही बेडरूम त्या दिवशी झाली नाही, आणि त्याला कारण माझा हिशोब होता.

मी जर्मनीत हीटिंगच्या नियोजनाचं काम करतो. मित्र मूळचा नाशिकचा, श्टुटगार्टजवळच्या एका गावात त्याने जुनं घर घेतलं आणि तळमजल्याची जमीन उकरून तिथे फ्लोअर हीटिंग करायचं ठरवलं. म्हणजे कोब्याच्या आत प्लास्टिकच्या पाईपचं जाळं, त्यातून ३५ अंशांचं पाणी फिरतं आणि अख्खी जमीन हळूहळू उब देत राहते. भिंतीवरचे रेडिएटर निघून जातात. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र, बसवायचा असेल तर हीच पद्धत सोयीची, कारण कमी तापमानाच्या पाण्यावर काम भागतं.

जर्मनीत मजुरी महाग, त्यामुळे घरमालकाने काही कामं स्वतः करणं इथे सर्रास चालतं. पाईप अंथरणं हे त्यातलं पहिलं. मॅनिफोल्डची, म्हणजे सगळ्या खोल्यांच्या पाईपांना पाणी वाटून देणाऱ्या जोडपेटीची, जोडणी आणि प्रेशर टेस्ट परवानाधारक माणूस करतो. थर्माकोलवर पाईप टाकून क्लिपा मारत जाणं दोन माणसांना दोन दिवसांत जमतं. अवघड काय ते आधीच ठरवायचं असतं: पाईप किती मागवायचा?

मित्राने स्वतः काढलेलं उत्तर असं होतं. दिवाणखाना ६.८० बाय ५ मीटर, म्हणजे ३४ चौरस मीटर. स्वयंपाकघर १२.८०, त्यातून ओट्याखालचे ३.६० वजा, उरले ९.२०. बेडरूम १२.२४. बाथरूम ७.२०, टबाखालची जागा सोडून ५.९२. पॅसेज ७.५०. सगळं मिळून ६८.८६ चौरस मीटर. दोन पाईपांमधलं अंतर १५ सेंटिमीटर धरलं तर एका चौरस मीटरला ६.६७ मीटर पाईप लागतो. गुणाकार केला, ४५९ मीटर. दुकानात २४० मीटरचे रोल मिळतात. दोन रोल ४८०, म्हणजे २१ मीटर वर. त्याने ऑर्डर देऊन टाकली आणि मग मला फोन केला, “एकदा बघून घे रे, चुकलं तर नाही ना?”

ओटा वजा केला होता, टब वजा केला होता, थोडी शिल्लकही धरली होती. त्याचा गुणाकार बरोबर होता आणि इतक्या काळजीने घरमालक सहसा मोजत नाहीत. तरी त्यात तीन गोष्टी राहिल्या होत्या. त्यातल्या दोन मी पकडल्या. तिसरी माझ्याही हातून सुटली.

पहिली गोष्ट अंतराची. १५ सेंटिमीटर हा आकडा त्याने कुठेतरी वाचला होता. पण हे अंतर वाचून घ्यायचं नसतं, ते खोलीच्या गरजेतून निघतं. आपल्याकडे एसी घेताना ‘एवढ्या खोलीला दीड टन’ म्हणतात तसं इथे करून चालत नाही, कारण जमिनीत गाडलेलं काही नंतर बदलता येत नाही.

दिवाणखान्याचंच बघू. बाहेर उणे १२, आत २० अंश, म्हणजे ३२ अंशांचा फरक. खिडक्या ९ चौरस मीटर, नव्या बसवलेल्या: त्यांतून २८८ वॅट जातात. बाहेरच्या दोन भिंती खिडक्या सोडून २०.५ चौरस मीटर, जुन्या विटांच्या, अजून बाहेरून थर्माकोल लावलेला नाही: ६५६ वॅट. फटींतून आणि खिडक्या उघडण्यातून बदलणारी हवा: ४६२. कोपरे, खिडक्यांच्या कडा अशा जागी होणारी गळती: ९४. बेरीज १,५०० वॅट. ३४ने भागलं की चौरस मीटरला ४४ वॅट. जमिनीने एवढं दिलं पाहिजे, तेही कडाक्याच्या थंडीत.

आता ३५ अंशांनी जाऊन ३० अंशांनी परतणाऱ्या पाण्यावर, १५ सेंटिमीटरच्या अंतराने, वर टाईल असेल तर जमीन साधारण ६५ वॅट देते. भरपूर झालं. पण वहिनींना दिवाणखान्यात लाकूडच हवं होतं. “स्वयंपाकघरात टाईल घाला, बाथरूममध्ये घाला, पण बसायच्या खोलीत मला लाकूड पाहिजे,” हे त्यांनी घर बघायला गेलो त्याच दिवशी सांगितलं होतं. लाकूड उष्णता अडवतं. त्याच पाण्यावर, त्याच १५ सेंटिमीटरवर, जाड ओकच्या फळ्यांखालून साधारण ४१ वॅटच वर येतात. हवे ४४. अंतर १० सेंटिमीटरवर आणलं की ४५ मिळतात.

म्हणजे दोन वाटा होत्या. पाणी जास्त गरम करायचं किंवा पाईप दाट टाकायचा. पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवलं की हीट पंपाचा विजेचा खर्च दोन-अडीच टक्क्यांनी वाढतो, आणि तो दरवर्षी वाढतो. पाईप एकदाच विकत घ्यायचा असतो. अशा वेळी मी नेहमी पाईप दाट टाका असंच सांगतो. इथेही तेच सांगितलं. एकट्या दिवाणखान्याचा पाईप २२७ मीटरवरून ३४० मीटरवर गेला. ११३ मीटर, फक्त लाकडापायी. त्यामुळे जमिनीवर वर काय येणार हे पक्कं होईपर्यंत पाईपचा आकडा काढूच नये. नंतर कुणी मनाने टाईलच्या जागी लाकूड टाकलं तर कोब्यातला पाईप काही जवळ सरकत नाही.

मित्राचा आणखी एक समज इथे मोडला. त्याला वाटत होतं जमीन पायाला गरम लागेल. ४४ वॅट देताना जमिनीचा पृष्ठभाग साधारण २४ अंशांवर असतो. हात लावला तर गरम काही कळत नाही, फक्त गार नसतं. युरोपच्या मानकानुसार रोजच्या वावराच्या जागी २९ अंशांच्या वर जायचं नसतं, आणि चांगल्या आखणीच्या घरात तिथवर जायची वेळ येतही नाही.

बेडरूमची गरज चौरस मीटरला ३८ वॅट निघाली. तिथे लाकूड असूनही १५ सेंटिमीटर पुरत होतं. स्वयंपाकघरात टाईल, १५ पुरेसं. बाथरूम वेगळं. तिथे खोली २४ अंशांवर ठेवायची, मग पाणी आणि खोली यांतला फरकच कमी उरतो. १० सेंटिमीटर टाकूनही चौरस मीटरला साधारण ४९ वॅट मिळणार होते, म्हणजे ५.९२ चौरस मीटरला २९० वॅट. गरज ४५० होती. उरलेल्यासाठी टॉवेल वाळवायचा विजेचा छोटा रेडिएटर घ्या, असं सांगितलं. जमिनीतून सगळं काढायचा हट्ट धरला असता तर अख्ख्या घराचं पाणी एका बाथरूमसाठी गरम करावं लागलं असतं.

दुसरी गोष्ट पॅसेजची. प्रत्येक खोलीतला पाईप मॅनिफोल्डपासून निघतो आणि मॅनिफोल्डलाच परत येतो. मॅनिफोल्ड पॅसेजच्या भिंतीत होता. तिथून दिवाणखान्याच्या उंबऱ्यापर्यंत ३ मीटर, जाऊन-येऊन ६, आणि दिवाणखान्याला चार लूप (मॅनिफोल्डपासून निघून तिथेच परतणारा पाईपचा एक सलग फेरा म्हणजे लूप), म्हणजे २४ मीटर. बेडरूमला ९, स्वयंपाकघराला ५, बाथरूमला ३. एकूण ४१ मीटर पाईप फक्त वाटेत. मित्राने हे धरलंच नव्हतं. उलट पॅसेजसाठी त्याने वेगळा ५० मीटर धरला होता. पण ७.५० चौरस मीटरच्या पॅसेजमधून ४१ मीटर गरम पाईप जाणारच असतील तर पॅसेज त्यांनीच तापतो. वेगळा लूप घातला असता तर तो पॅसेज घरातली सगळ्यात गरम जागा झाला असता, आणि तिथे कुणी बसतही नाही. तेव्हा ५० मीटर गेले आणि ४१ आले. बेरजेत फारसा फरक नाही, मांडणीत मात्र बराच आहे.

दिवाणखान्याला चार लूप का, तर १६ मिलिमीटरच्या पाईपचा एक लूप साधारण १०० मीटरच्या आत ठेवायचा असतो. त्याहून लांब गेलं की घर्षण वाढतं, पंपाला जोर लावावा लागतो आणि पाणी शेवटाला पोचेपर्यंत निवतं. ३४० भागिले चार, ८५. त्यात पॅसेजचे ६ आणि जमिनीतून मॅनिफोल्डपर्यंत वर चढायचे १.६ मीटर. प्रत्येक लूप ९२.६. चारही लूप सारखे आले की मॅनिफोल्डवर पाण्याचं वाटप जुळवायला फार सोपं जातं. ते सारखे आणण्यासाठी एक गोष्ट मुद्दाम केली. खोलीच्या लांबच्या दोन भागांकडे जाणारे पाईप आधी जवळच्या भागांतून ४ मीटर जातात, जाऊन-येऊन ८. तेवढी जमीन तेच तापवतात. म्हणून लांबच्या लूपांना स्वतःचं क्षेत्र ७.७ चौरस मीटर दिलं आणि जवळच्यांना ८.५. हे न करता चार समान चौकोन पाडले असते तर लांबचे दोन लूप जास्त लांब झाले असते आणि खिडकीकडची बाजू, जिथे सगळ्यात जास्त गरज, तीच गार राहिली असती.

तर यादी अशी झाली. दिवाणखाना चार वेळा ९२.६. बेडरूम ९२.२. स्वयंपाकघर ६७.९. बाथरूम ६३.८. एकूण ५९४ मीटर. मित्राच्या ४५९च्या जवळजवळ तीस टक्के वर. नेहमीची ‘पाच-दहा टक्के जास्त धरा’ ही युक्ती इथे उपयोगी पडली नसती.

त्याच्याकडे ४८० मीटर येऊन पडले होते. मी फोनवर म्हणालो, “अजून १२०चा एक रोल घे. सहाशे होतील, पुरेल.”

पुरत नाही. हीच ती तिसरी गोष्ट.

एकूण मीटर किती याला अर्थ नसतो, सलग किती मिळतात याला असतो. लूप कोब्याखाली एकसंध जायला हवा, मध्ये जोड नको. २४०च्या रोलमधून ९२.६चे दोन लूप निघतात आणि ५५ मीटर उरतात, ज्यांतून बाथरूमसुद्धा होत नाही. १२०च्या रोलमधून एकच लूप निघतो. कागदावर लूपांची लांबी मी काढली होती, रोलांची लांबी मला माहीत होती. दोन्ही शेजारी ठेवून ‘या रोलमधून हे दोन, त्या रोलमधून ते तीन’ एवढं पाच मिनिटांचं काम मी केलं नाही. बेरीज केली आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी आठला सुरुवात केली. थर्माकोलचे पत्रे आदल्या आठवड्यात बसले होते, भिंतीच्या कडेने फोमची पट्टी उभी लागली होती. ती पट्टी महत्त्वाची, कोबा तापला की फुगतो आणि त्याला फुगायला जागा लागते. दिवाणखान्यापासून सुरू केलं. पाईप नागमोडी टाकता येतो किंवा चकलीसारखा. दहा सेंटिमीटरला चकलीच घालावी लागते. १६ मिलिमीटरचा पाईप आपल्या जाडीच्या पाच पटीहून कमी त्रिज्येत वळवायचा नसतो, म्हणजे ८ सेंटिमीटर. नागमोडीत प्रत्येक टोकाला ५ सेंटिमीटरच्या त्रिज्येत मागे फिरावं लागतं. पाईप तिथे चिमटतो. चकलीत बाहेरून आत जाताना दुप्पट अंतर सोडत जायचं, मध्यावर पोचलं की एकदाच ऐसपैस वळण घ्यायचं आणि सोडलेल्या जागेतून बाहेर यायचं. जाणारा गरम पाईप आणि येणारा कोमट पाईप शेजारी-शेजारी राहतात, त्यामुळे जमीन सगळीकडे सारखी तापते.

दारात थोडं थांबून मोजलं. चार लूपांचे आठ पाईप ८० सेंटिमीटरच्या दारातून जायचे होते. दोन्ही बाजूंना भिंतीपासून ५ सेंटिमीटर सोडायचे, उरले ७०. आठ पाईपांत सात फटी, दहा-दहा सेंटिमीटरच्या. बरोबर बसले. उंबऱ्यावर कोब्याला सांधा येतो, तिथे प्रत्येक पाईपवर ३० सेंटिमीटरचं संरक्षक आवरण चढवलं, कारण दोन खोल्यांचा कोबा वेगवेगळा हलतो आणि पाईप मध्ये सापडतो.

पाईपवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. तो हिशोब ठेवायला मित्राची नऊ वर्षांची मुलगी बसली होती. लूप सुरू होताना एक आकडा, संपताना एक आकडा, मार्करने मॅनिफोल्डशेजारच्या भिंतीवर. ती शाळेतल्या सवयीने जर्मनमध्ये ओरडायची, “झीबेन-उंट-फिर्त्सिश!” आणि बाबा मराठीत पुटपुटत लिहायचा, सत्तेचाळीस. जर्मनमध्येही सात आधी आणि चाळीस नंतर. इंग्रजीत मोजलं असतं तर कुठेतरी ४७चे ७४ झाले असते असं मला त्या वेळी खरंच वाटलं. दिवसभरात भिंतीवरचा एकही आकडा उलटा पडला नाही.

पहिल्या रोलमधून दिवाणखान्याचे दोन लूप, ९१ आणि ९३ मीटर. उरले ५६. दुसऱ्या रोलमधून दिवाणखान्याचा तिसरा ९२, मग स्वयंपाकघर ६६ आणि बाथरूम ६६. बाथरूमला अंदाजापेक्षा दोन मीटर जास्त गेले, कमोडच्या पाईपाला वळसा घालावा लागला. उरले १६. १२०च्या रोलमधून दिवाणखान्याचा चौथा ९४. उरले २६. माझ्या अंदाजात आणि प्रत्यक्षात एकाही लूपला अडीच मीटरहून जास्त फरक आला नव्हता, आणि आम्ही त्या समाधानात बेडरूमकडे वळलो. तेव्हा तिन्ही तुकडे समोर आले.

“जोडून टाकू ना,” मित्र म्हणाला. “जोडायचे पितळी तुकडे मिळतात. अठ्ठ्याण्णव आहेत, ब्याण्णव पाहिजेत.”

जोडाला नियमात पूर्ण बंदी नाही. प्रेस करून बसवायचे जोड असतात, ते कुठे आहेत हे नकाशावर नोंदवून ठेवायचं असतं. दुरुस्तीत तेच वापरतात. पण नव्या जाळ्यात, पहिल्याच दिवशी, एका लूपमध्ये दोन जोड घालायचे आणि त्यावर साडेसहा सेंटिमीटर कोबा आणि वर लाकूड, याला मी तयार नव्हतो. गळती झाली तर आधी महिनोन्महिने कळत नाही. मॅनिफोल्डवरचं प्रेशर थोडं-थोडं उतरतं, आपण भरत राहतो. मग थर्मल कॅमेरा आणून जागा शोधायची आणि जमीन फोडायची. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाऊनमध्ये १९४७पासून हजारो घरं बांधली, त्यांच्या काँक्रीटच्या जमिनीत तांब्याचे पाईप होते. पुढे त्यातले कितीतरी गळू लागले आणि लोकांनी ते तसेच जमिनीत सोडून भिंतीला नवे हीटर लावले. आजचा क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलिनचा पाईप गंजत नाही आणि लांबच लांब रोलमध्ये मिळतो. ज्या फायद्यासाठी तो वापरायचा, तोच तुकडे जोडून घालवायचा, हे मला पटलं नाही.

मग आम्ही तिघांनी कागद घेऊन बसून पाहिलं, तुकड्यांतून काही निघतं का. बेडरूमचे दोन लूप केले तर? प्रत्येकाला पॅसेजची ये-जा आणि चढ मिळून १०.६ मीटर नुसते वाटेत जातात, म्हणजे लूप ५१ मीटरचा. एक ५६मधून निघाला असता, दुसऱ्याला २६ कुठे पुरतात? अंतर २० सेंटिमीटर केलं तर? एकच लूप ७२ मीटरचा होतो, तोही कुठल्याच तुकड्यात बसत नाही. आणि बसला असता तरी बेडरूमला ३८ वॅट मिळाले नसते. पाईप कमी पडला म्हणून अंतर वाढवणं हे तर मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. त्या खोल्या वर्षानुवर्षं गार राहतात आणि लोक समजतात फ्लोअर हीटिंगच वाईट.

शनिवारी संध्याकाळी दुकान बंद, रविवारी इथे सगळंच बंद. कोबा घालणारे मंगळवारी सकाळी सातला येणार होते. त्यांची तारीख गेली तर पुढची महिन्याने. सोमवारी सकाळी दुकान उघडताच मित्राने अजून एक १२०चा रोल आणला, दुपारपर्यंत बेडरूमचे ९१ मीटर पडले. प्लंबरने संध्याकाळी मॅनिफोल्ड जोडून पाणी भरलं, सुमारे ६७ लिटर. १६ बाय २चा पाईप, म्हणजे बाहेरून १६ मिलिमीटर आणि जाडी २, त्याचा आतला व्यास १२ मिलिमीटर, मीटरला ०.११३ लिटर. भरताना पाण्याच्या मीटरवरचा आकडा यापेक्षा फारच वेगळा आला तर कुठेतरी हवा अडकली आहे किंवा लांबीचा हिशोब चुकला आहे, म्हणून तोही लिहून ठेवावा. सहा बारला टेस्ट झाली, रात्रभर काटा हलला नाही. मंगळवारी पाईपात प्रेशर ठेवूनच कोबा घातला, म्हणजे फावडं लागून कुठे भोक पडलंच तर तिथल्या तिथे दिसतं.

एकूण ७२० मीटर विकत घेतले. पहिल्यापासून २४०चे तीन रोल मागवले असते तरी ७२०च झाले असते आणि शनिवारीच काम संपलं असतं: दोन रोलांतून दिवाणखान्याचे चार लूप, तिसऱ्यातून बेडरूम, स्वयंपाकघर, बाथरूम, २२४ मीटर. किंवा ६००चा एकच रोल, पन्नास किलोच्या आसपास, तो फिरवायला वेगळा स्टँड लागतो. तोही पुरला असता, पण सहा मीटरच्या शिल्लकीवर. शेवटच्या लूपला पोचेपर्यंत छातीत धडधड.

त्या दिवसापासून मी कुणालाही एकूण मीटर सांगत नाही. लूपांची यादी देतो, आणि प्रत्येक लूपपुढे तो कुठल्या रोलमधून कापायचा हे लिहितो. सगळ्यात लांब लूप आधी कापायचे, छोटे नंतर, म्हणजे उरलेला तुकडा मोठा उरत नाही. कधी-कधी रोल पाहून लूपच बदलतो. ८५ मीटरचे चार लूप रोलमध्ये नीट बसत नसतील तर ६८चे पाच करता येतात का, हे बघतो. त्यात मॅनिफोल्डला एक जागा जास्त लागते आणि पाईपही थोडा वाढतो, पण काही वेळा एक अख्खा रोल वाचतो.

मिनेसोटा, टोरोंटोकडच्या आपल्या लोकांचे असे प्रश्न येतात तेव्हा मापं फुटांत असतात, पण सगळं असंच चालतं. बारा इंचांच्या अंतराला एका चौरस फुटाला एक फूट पाईप, नऊ इंचांना एक आणि एक तृतीयांश, सहा इंचांना दोन. अर्ध्या इंची पाईपचा लूप साधारण ३०० फुटांच्या आत. तिथेही रोल ३००, ५००, १००० फुटांचे मिळतात, आणि ५०० फुटांच्या रोलमधून २८० फुटांचा एकच लूप निघतो, दोन नाहीत. आणि पाईप घेताना त्यावर ऑक्सिजन अडवणारा थर आहे ना, हे विचारा. पिण्याच्या पाण्याचा पाईप तसाच दिसतो, स्वस्तही असतो, पण त्यातून हवेतला ऑक्सिजन आत शिरतो आणि पंप, बॉयलर यांचे लोखंडी भाग गंजतात.

कोबा घातल्यावर तीन आठवडे मित्राने काहीच चालू केलं नाही. मग तीन दिवस २५ अंशांचं पाणी, पुढे चार दिवस ठरलेलं सर्वांत जास्त तापमान, मग पुन्हा थंड. कोब्यातला ओलावा मोजून झाल्यावरच वहिनींचं लाकूड आलं. जानेवारीत बाहेर उणे नऊ असताना मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दिवाणखाना २१ अंशांवर होता. मुलगी जमिनीवर पोटावर झोपून चित्र काढत होती, आणि मॅनिफोल्डशेजारच्या भिंतीवर तिचे आकडे अजून तसेच होते. वहिनींनी तेवढा भाग रंगवू दिला नव्हता.

५६ मीटरचा तुकडा तळघरात खिळ्याला टांगलेला होता, त्यावर मार्करने ‘५६’. गेल्या वर्षी त्यांनी वरच्या मजल्यावरचं बाथरूम करायला घेतलं. ४.२ चौरस मीटर, दहा सेंटिमीटरला ४२ मीटर, वरच्या मॅनिफोल्डपर्यंत ये-जा ८, चढ १.६. एकूण ५१.६. मित्राने मला फोन केला तेव्हा लूप आणि रोल दोन्ही त्याच्यासमोर शेजारी लिहिलेले होते. “चार मीटर उरतात,” तो म्हणाला. पाईप टाकून झाल्यावर उरलेला तुकडा त्याने मोजला. तीन मीटर नव्वद.